घोंगडीवरचं मैदान

माझी थोरली नात सत्यशीला लग्न होऊन लासूर स्टेशनला गेली, ते साल दोन हजार बावीस. लग्न दिवाळीनंतरचं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी शेवटची मेंढरं विकली होती. बिडकीनच्या ज्या माळावर माझ्या आज्यापासून आमची मेंढरं चरत आली, तिथं कंपन्यांची कुंपणं उभी राहिली आणि चरायला रस्त्याच्या कडेचं गवत तेवढं उरलं. मुलगा म्हणाला, बाबा, आता शहरात चला. मी आलो. सोबत काठी आणि काळी घोंगडी आणली.

सिडकोतल्या एका मैदानावर राखणदाराचं काम मिळालं. सकाळी फाटक उघडायचं, संध्याकाळी लावायचं आणि मोकाट गुरं आत येऊ द्यायची नाहीत. जन्मभर जनावरं आत घातलेला माणूस मी, आता ती बाहेर हाकायला लागलो.

रोज चारच्या सुमाराला एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ यायचे. हातात पांढरी काठी. फाटकापासून पावलं मोजत लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकापर्यंत यायचे, बसायचे आणि मान जराशी डावीकडं कलती करायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा झोपायला येतो. त्याच वेळी मैदानाच्या त्या अंगाला पोरींचा कबड्डीचा सराव चालायचा.

एके दिवशी मी पाण्याची कळशी घेऊन बाकाजवळून चाललो होतो. तेवढ्यात ते म्हणाले,

"ही जी आत्ता चढाईला गेली ना, तिचा दम शेवटाला पातळ होतो."

मी इकडंतिकडं बघितलं. दुसरं कुणी नव्हतं.

"मला म्हणताय का, साहेब?"

"तुमच्या चपलेचा आवाज आला म्हणून म्हणालो. कोण मुलगी ती?"

"नाव नाय ठाऊक. उंच हाय. दोन येण्या वर बांधल्यात."

"परत आली?"

"आली की."

"गेली कुठून होती? डावीकडून की उजवीकडून?"

तेवढं मी बघितलंच नव्हतं.

"कमाल आहे," ते हसले. "डोळे तुमच्याकडं, आणि विचारतोय मी."

अशी आमची ओळख झाली. त्यांचं नाव मधुसूदन. सरकारी कचेरीत कारकून म्हणून नोकरी झाली, आणि सुट्टीच्या दिवशी तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून काम केलं. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. त्याला अकरा वर्षं झाली होती.

"आवाज सगळा कळतो," ते म्हणाले. "शिट्टी कळते, दम कळतो, पाय घसरला तेही कळतं. जागा कळत नाही. कोण कुठं उभी आहे, रेषा किती लांब आहे, ते कळत नाही. आणि कबड्डी म्हणजे सगळी जागाच हो. आमची दमयंती एकदा आली होती सांगायला. ती म्हणे, आता सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. आता उठल्या. तीस वर्षं पंचाची बायको होती ती!"

"मी सांगू का? पन मला खेळातलं काय बी कळत नाय. मी मेंढरामागचा मानूस."

"खेळ मला कळतो. तुम्ही फक्त काय दिसतं ते सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारी बसून सांगायला लागलो. मला जे शब्द येत होते त्याच शब्दांत. एक फुटली कळपातून. दोघी कडेनं वळवायला लागल्या. ती ढुशी देणारी पुढं झाली. मधुसूदनराव पोट धरून हसायचे. "अहो मल्हारी, सात खेळाडू आहेत त्या, सात मेंढ्या नव्हेत." पण त्यांना कळायचं. अडचण दुसरीच होती. एक चढाई तीस सेकंदांची. मी तोंड उघडून "डावीकडच्या कोपऱ्यातली खाली बसली" म्हणेपर्यंत तिकडं शिट्टी वाजलेली असायची. माझे शब्द म्हातारे, खेळ तरणा. ते नेहमी मागं राहायचे.

थंडी वाढली तशी मी घोंगडी घेऊन बसायला लागलो. एक दिवस मधुसूदनरावांना हुडहुडी भरली, म्हणून अर्धी त्यांच्या मांडीवर टाकली. बोलता बोलता त्यांचा हात घोंगडीच्या काठावरून फिरत होता. काळ्या लोकरीत पांढऱ्या लोकरीचा एक पट्टा असतो, तो थोडा उंच लागतो हाताला. तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"पट्टा हाय. पांढरा."

ते बराच वेळ त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले. एकदा या टोकाला, एकदा त्या. मग एकदम म्हणाले, "मल्हारी, ही मधली रेषा झाली तर?"

पुढच्या रविवारी मी शहागंजातून दाभण आणि पांढऱ्या लोकरीचा गुंडा आणला. मधुसूदनरावांनी मापं सांगितली. बायकांच्या कबड्डीत एका बाजूचं अंगण सहा मीटर लांब. एका मीटरला चार बोटं धरायची. मधल्या रेषेपासून बारा बोटांवर निदानरेषा. तिच्यापर्यंत पाऊल गेल्याशिवाय चढाई पुरी होत नाही. तिच्यापुढं चार बोटांवर बोनस रेषा. आणखी आठ बोटांवर शेवटची. बोटं त्यांची, टाके माझे. मेंढीचं फाटलेलं कातडं शिवलेला हात आहे माझा, रेषा सरळ आल्या. मधली रेषा बरोबर आमच्या दोघांच्या मांड्यांच्या मधे यायची. एक अंगण त्यांच्या मांडीवर, दुसरं माझ्या.

मग रीत ठरली. चढाईला कुणी गेलं की त्यांचं उजवं बोट म्हणजे ती मुलगी. मी ते बोट माझ्या चिमटीत धरून घोंगडीवर चालवायचो. माझ्या दुसऱ्या हाताची बोटं म्हणजे समोरच्या संघाची साखळी. हात लागला तर नखावर टिचकी. पकड झाली तर मनगट गच्च धरायचं.

पहिल्यांदा मनगट धरलं तो दिवस मला अजून आठवतो. त्यांनी हात हिसडला, मी सोडला नाही, आणि त्या पांढऱ्या केसांच्या माणसाच्या तोंडून आपोआप "कबड्डी कबड्डी" सुरू झालं. शिट्टी झाली तेव्हा ते धापा टाकत होते. गाल ओले झाले होते.

"दिसलं," एवढंच म्हणाले.

ते दिवस आठवले की मला वाटतं, आम्ही दोघं त्या बाकावर नव्हतोच. ऊन तिरपं व्हायचं. पोरींच्या पायांनी उडालेली धूळ उन्हात तरंगत राहायची, खाली बसायचीच नाही. चिकलठाण्याला उतरणारं विमान वरून जायचं आणि त्याची सावली मैदानावरून निघून जायची. घोंगडीला मेंढरांचा वास होता, तो उबेनं वर यायचा. माझ्या चिमटीतलं बोट पुढं जायचं, थबकायचं, वळायचं. आधी पोरगी हलायची की बोट, ते मला कळेनासं व्हायचं. कधी वाटायचं, मी घारीसारखा उंच आहे आणि खाली हातभर मैदानात मुंगीएवढ्या पोरी खेळतायत. कधी मला पांढऱ्या रेषेच्या पलीकडं माझीच मेंढरं दिसायची, बिडकीनच्या माळावरची, माना खाली घालून चरणारी. मी डोळे चोळायचो. मधुसूदनराव विचारायचे, "थांबली का ती?" मी म्हणायचो, "नाय, मीच थांबलो."

एकदा सरावाच्या सामन्यात त्यांनी विचारलं, "फलकावर गुण किती?"

मला आकडे वाचता येत नव्हते. मी खिशातले खडे चाचपून सांगितलं, कारण प्रत्येक गुणाला मी एक खडा ठेवत असे. त्यांना खड्यांचा आवाज आला. ते खाली वाकले, काठीनं पायाजवळची माती सारखी केली आणि बोटानं एक काढला. मग दोन. आकडे झाले, मग अक्षरं झाली. ज्याला दिसत नाही त्यानं धुळीत अक्षर काढायचं आणि ज्याला दिसतं त्यानं ते शिकायचं. मी गिरवलं की ते खाचेतून बोट फिरवून बघायचे. "'म'च्या गाठीत उंदीर शिरेल," म्हणायचे, "पुन्हा काढ." तोवर ते मला अरे-तुरे करायला लागले होते. मलाही म्हणायचे, तू मधू म्हण. माझ्या तोंडून ते कधी निघायचं नाही.

दोन वेण्या वर बांधणाऱ्या त्या मुलीचं नाव सत्यभामा. बाप पुंजाराम, आमच्याच बिडकीनकडचा. मधुसूदनरावांनी तिला बोलावून दमाचं सांगितलं होतं. पोटातून बोल, गळ्यातून नको. तेव्हापासून ती सरावानंतर बाकाशी यायची. "आजोबा, आज कशी खेळले?" मधुसूदनराव तिला तिची प्रत्येक चढाई सांगायचे, पाऊल न् पाऊल. पोरगी माझ्याकडं बघायची आणि तोंडावर हात ठेवायची.

दुसऱ्या वर्षी, दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात, आमच्या मैदानाचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला पोचला. समोर लासूर स्टेशनचा संघ. सामना शहरातल्याच एका कॉलेजच्या मैदानावर होता. मधुसूदनराव आठ दिवस आधीपासून धड जेवत नव्हते, असं दमयंतीवहिनी म्हणाल्या. डोळे गेल्यापासून त्यांनी अंतिम सामना बघितला नव्हता.

आम्ही पुढच्या रांगेत बसलो. घोंगडी पसरली.

"तुझी नात लासूरला दिलेली," मधुसूदनराव म्हणाले. "खरं सांग, तू कुणाकडून?"

"तुमच्या मांडीला मांडी लावून बसलोय. दिसत नाय का?"

"नाही बुवा."

मागच्या रांगेतलेसुद्धा हसले.

सामना फार चुरशीचा झाला. लासूरवाल्यांनी हलगी आणली होती, कान बधिर व्हायची वेळ. मधुसूदनरावांचा सगळा जीव त्या एका बोटात आला होता. बोट गरम लागत होतं. शेवटची चढाई राहिली तेव्हा आपण एका गुणानं मागं होतो. सत्यभामा गेली. मी बोट चालवलं. मधली रेषा, निदानरेषा. तिनं उजवीकडं झेप घेतली आणि एका झेपेत दोघींना हात लावला. मी दोन टिचक्या दिल्या. मधुसूदनरावांनी श्वास रोखला. आता नुसतं परत यायचं होतं. परत आली की दोन गुण, आणि आपण जिंकलो.

ती वळली. त्याच वेळी डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं खाली बसून तिचा घोटा धरला. बाकीच्या तिच्यावर कोसळल्या.

मला मनगट धरायचं होतं. हे मी देवाला साक्षी ठेवून सांगतो. पण आमच्यात संध्याकाळी मेंढरं वाघरेत घेतात. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. प्रत्येकाच्या पाठीला हात लावून आत घ्यायचं, आणि एकही बाहेर राहू द्यायचं नाही. बाहेर राहिलं तर ते लांडग्याचं. पन्नास वर्षं या हातानं तेच केलं. चिमटीत ते गरम बोट होतं, पांढरी रेषा जवळ होती. हातानं मला न विचारता ते बोट ओढलं आणि रेषेच्या अलीकडं आणून ठेवलं.

"आली," मी म्हणालो.

मधुसूदनराव दोन्ही हात वर करून उभे राहिले. हलगी वाजत होती, लोक नाचत होते. लासूरचे लोक होते ते. मधुसूदनराव हसत होते. मी हात धरून त्यांना आमच्या पोरींकडं नेलं. कुठल्या तोंडानं नेलं, कुणास ठाऊक. त्यांनी चाचपडत सत्यभामाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले,

"शाब्बास! दोघींना लावून परत! शेवटच्या क्षणी परत!"

सत्यभामा आधीच रडत होती, आता हुंदके द्यायला लागली.

"आजोबा," ती म्हणाली, "थट्टा नका ना करू."

मधुसूदनरावांचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. मग त्यांनी तो काढला आणि माझ्याकडं तोंड फिरवलं.

"कानाला वेगळं वाटलं होतं मला," ते हळू म्हणाले. "शिट्टी लांब वाजली. पकडीची वाजते तशी. पण मी म्हटलं, कान चुकत असतील. बोट खोटं बोलणार नाही."

ते रिक्षानं एकटेच घरी गेले.

त्यानंतर बाक रिकामा राहिला. चार वाजायचे, पोरी यायच्या. मी पाणी मारायचो, फक्कीनं रेषा आखायचो. पंधरा दिवसांनी दमयंतीवहिनी फाटकाशी आल्या. हातात घडी घातलेली घोंगडी. सामन्याच्या दिवशी ती मधुसूदनरावांच्या खांद्यावरच गेली होती.

"चिडलेत का लई?" मी विचारलं.

"चिडले असते तर मी आलेच नसते. चाळीस वर्षं बघतेय मी चिडणं." त्या बाकावर टेकल्या. "ते आता रेडिओवरचा सामनासुद्धा लावत नाहीत. काल म्हणाले, दमयंती, वर्षभर जे बघितलं त्यातलं खरं किती आणि मल्हारीच्या मनातलं किती, आता कसं कळायचं? सगळं पुसल्यासारखं झालं म्हणतात. पहिल्यांदा डोळे गेले तेव्हा निदान आधीचं बघितलेलं तरी शिल्लक होतं."

मी घोंगडी ठेवून घेतली नाही. म्हणालो, "वहिनी, मीच घेऊन येतो. चला."

मधुसूदनराव घरी खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. पाय वाजले तसे म्हणाले, "चप्पल ओळखली मी. बस."

मी खाली बसलो नाही. खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावला, घोंगडी पसरली आणि त्यांचं बोट धरलं. त्यांनी हात मागं घेतला.

"आता काय दाखवणार आहेस?"

"ती चढाई. झाली तशी."

"आणखी किती वेळा केलंस असं?"

"तेवढं एकदाच."

"बिरोबाची शपथ?"

"बिरोबाची."

खिडकीतून ऊन घोंगडीवर आलं होतं आणि पांढऱ्या रेषा उजळ दिसत होत्या. मग त्यांनी बोट पुढं केलं.

मी बोट चालवलं, सावकाश. मधली रेषा. निदानरेषा. उजवीकडं झेप. टिचकी, टिचकी. वळणं. आणि मग मी त्यांचं मनगट धरलं, जसं त्या दिवशी धरायला हवं होतं तसं. त्यांनी हिसडा दिला. मी सोडलं नाही. बोट मधल्या रेषेकडं ताणलं गेलं, लांबलं, थरथरलं आणि थांबलं.

"किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटं."

"म्हणजे अर्धा मीटर." त्यांचा चेहरा बदलला. "अर्धाच मीटर? थांब. घोटा कुठला धरला?"

"डावा."

"झेप उजव्या हातानं घेतली, आणि डावा पाय?"

मी डोळे मिटून बघितलं. "मागंच राहिला होता. लांब. शेपटीवानी."

"अरे, मग तेच की!" ते खुर्चीत सरळ झाले. "झेप घेते आणि डावा पाय विसरते ती. लगेच ओढून घेतला पाहिजे. हे तिला कुणी सांगितलं का? कोण सांगणार? मी तिला परत आल्याबद्दल शाब्बासकी देऊन बसलो!" मग आवाज खाली आला. "तू मला जिंकून दिलंस मल्हारी. पण मी जिंकायला नव्हतो आलो. बघायला आलो होतो."

"चुकलं माझं. तुमचं तोंड बघवंना मला."

"माझं तोंड बघायला तुला बसवलेलं नाही. मैदान बघायचं." त्यांनी माझा हात शोधला आणि स्वतःच्या मनगटावर ठेवला. "यापुढं एवढंच लक्षात ठेव. वाईट असलं की आधी हे धरायचं. गोड बोलणारे घरात पुष्कळ आहेत."

आतून दमयंतीवहिनी म्हणाल्या, "ऐकू येतंय मला."

"म्हणूनच मोठ्यानं बोललो," मधुसूदनराव म्हणाले. "चहा टाका."

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते बाकावर होते. सत्यभामाला बोलावून तिच्याच घोट्याला काठी लावून दाखवलं, पाय कुठं राहतो ते. पोरगी वर्षभर तोच एक पाय ओढायला शिकत होती. मीही वर्षभर शिकत होतो. पकड झाली की धरायचं. कधी सलग चार वेळा धरावं लागायचं, त्यांचं मनगट लाल व्हायचं. ते तक्रार करायचे नाहीत. मैदान पुन्हा घोंगडीवर उतरायला लागलं. धूळ पुन्हा उन्हात तरंगायला लागली.

पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा अंतिम सामन्याला बसलो. या वेळी दुसरा संघ होता, पण गोंगाट तोच. दोन मिनिटं राहिली आणि सत्यभामा चढाईला गेली. उजवीकडं झेप. टिचकी. कोपऱ्यातली खाली बसली, हात घोट्याकडं आला, आणि घोटा तिथं नव्हता. पोरीनं पाय ओढून घेतला होता. ती अंगाचं धनुष्य करून रेषेवर पडली, आणि माझ्या चिमटीतलं बोटही रेषेवर पडलं.

"मधू, आली!" मी ओरडलो.

या वेळी ते उभे राहिले नाहीत. काही विचारलंही नाही. दोन्ही हात घोंगडीवर पसरून बसून राहिले, जसं एखादं जनावर शांत झाल्यावर आपण त्याच्या पाठीवर हात ठेवतो तसे. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मग ते म्हणाले, "दोन वर्षांनी मधू म्हणालास. त्यासाठी पोरीला केवढी धडपड करावी लागली."

जानेवारी संपता संपता त्यांना धाप लागायला लागली. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, मला कधी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात ठेवलं. मुलगा हिमांशू पुण्याहून आला. मी फाटक दुसऱ्याकडं सोपवून रोज दुपारी जायचो.

त्या रविवारी गेलो तेव्हा खोलीत सगळे होते. हिमांशू म्हणत होता, "बाबा, दोन दिवसांत घरी जायचंय. डॉक्टर म्हणाले, छान चाललंय."

मधुसूदनराव म्हणाले, "मल्हारी आलाय ना? घोंगडीचा वास आला."

"आलोय."

"जवळ ये. हे सगळे छान छान म्हणतायत. तू बघ आणि सांग."

मी बघितलं. दमयंतीवहिनी खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, पदर तोंडाशी. हिमांशूनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. दारात डॉक्टर उभे होते, कागद न वाचता नुसते हातात धरून.

मी घोंगडी त्यांच्या मांडीवर पसरली. बोट धरलं. बोट थंड होतं, पण जागं होतं.

"कुठं आहे मी?"

"बोनस रेषेच्या पुढं."

"समोर किती?"

"सातही हायेत."

"आणि मधली रेषा?"

"लांब हाय, मधू."

त्यांनी ओठ ओले केले. पांढरी रेषा हातभर अंतरावर होती आणि बोट चिमटीत होतं. मी बोट सोडलं आणि त्यांचं मनगट धरलं. गच्च.

हिमांशूनं तोंड फिरवलं. मधुसूदनरावांनी मात्र मोठा श्वास सोडला, घरी पोचलेला माणूस सोडतो तसा.

"हां," ते म्हणाले. "आता दिसलं." मग वहिनींना हाक मारून जवळ बोलावलं, आणि त्या आल्या तेव्हा त्यांचा हात आपल्या दुसऱ्या हातात घेतला. "मल्हारी, लगेच सोडू नकोस. दम आहे अजून."

मी सोडलं नाही. खिडकीतून ऊन आत आलं होतं. पडद्याच्या फटीत धुळीचे कण तरंगत होते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला कळत होतं ते काय म्हणतायत. संध्याकाळी त्यांना झोप लागली तेव्हा परिचारिकेनं येऊन माझी बोटं सोडवली.

मधुसूदनराव दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सतरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, सकाळी सव्वानऊ वाजता वारले. वय बहात्तर होतं.